डिकीच्या चावीसाठी मुदत ठेव मोडावी का?

पुण्यातील सहकारनगरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, वडिलांच्या १९७२ सालच्या फियाटच्या डिकीची चावी हरवली असून गॅरेजवाल्याने कुलूप फोडणे, डिकीचे झाकण रंगवणे आणि दरवाजांचीही कुलपे बदलणे मिळून ३८,००० रुपये सांगितले आहेत. त्यासाठी दोन लाखांची मुदत ठेव मोडावी काय?

माझ्या मते मोडू नये, कारण आपल्यासमोर अद्याप ३८,००० रुपयांचा खर्च उभाच राहिलेला नाही. त्या काळच्या चावीत इलेक्ट्रॉनिक चिप नसते, त्यामुळे जाणकार चावीवाला कुलूप उघडून, ते बाहेर काढून, आतील पातळ धातूच्या पत्त्यांच्या मापाने नवी चावी घासून देऊ शकतो आणि त्याची मजुरी या आकड्याच्या जवळपासही जात नाही. ते जमले नाही, तरच नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात जुळणारे कुलूप शोधावे. दरवाजांची कुलपे चालू असताना ती बदलण्याचे कारण मला तरी दिसत नाही. रंगकामाचा प्रश्न तर कुलूप फोडले तरच उद्भवतो. मात्र स्टेपनी डिकीत अडकली असेल, तर तोवर गाडी घाटात नेऊ नये.

तरीही मोठा खर्च करावाच लागला, तर हिशेब पाहू. आपली ठेव ७ टक्के दराची असून तिला १४ महिने झाले आहेत. मुदतीआधी मोडल्यास बँका सहसा ठेव प्रत्यक्ष जितका काळ राहिली त्या काळाचा दर लावून त्यातून दंड वजा करतात. तो दर ६.५ आणि दंड १ टक्का धरल्यास सुमारे ३,५०० रुपये व्याज बुडेल. उलट त्याच ठेवीवर ८ टक्क्यांनी ३८,००० रुपयांचा ओव्हरड्राफ्ट (म्हणजे ठेव न मोडता, तिच्या तारणावर बँकेकडून घेतलेली उचल) सहा महिने वापरल्यास १,५२० रुपये व्याज पडेल आणि ठेवीवरील व्याज चालूच राहील.

विम्यावर भिस्त ठेवू नये. चावीसाठी वेगळे संरक्षण घेतले नसेल, तर हरवलेल्या चावीची भरपाई मिळत नाही. गाडीवर पैसे घालायचेच असतील, तर २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीला विंटेज (म्हणजे जतन केलेली जुनी गाडी) अशी वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे; पण मग ती रोज चालवता येत नाही, हे आधी घरात बोलून घ्यावे.

गॅरेजवाल्याकडून प्रत्येक कामाचा दर स्वतंत्र लिहून घ्यावा आणि नव्या चावीच्या दोन प्रती करून घ्याव्यात.