शेक, लाईट की किरणोपचार? आणि ‘डावा नाही’चा घोळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई ब्रेस्ट कॅन्सरच्या एका क्लिनिकल ट्रायलचं पेशंटला द्यायचं माहितीपत्रक मराठीत करतायत, रेडिएशन पंधरा वेळा द्यायचं की पाचच वेळा अशी तुलना आहे. त्यांनी विचारलंय की रेडिएशनला किरणोत्सर्ग म्हणायचं की किरणोपचार, पेशंट लोक ‘शेक’ म्हणतात ते अशुद्ध म्हणून टाळायचं का, आणि ‘नॉन-इन्फिरिअर’चं, म्हणजे ‘नवा उपचार जुन्याहून वाईट नाही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं, काय करायचं, कारण त्यांनी ‘अ-कनिष्ठ’ लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, हे काय, कनिष्ठ लिपिकाची जाहिरात आहे का.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

आधी शेक. हा शब्द अशुद्ध वगैरे अजिबात नाही, आणि रेडिएशन विभागाच्या बाकड्यावर बसलेली माणसं तो ज्या सफाईने वापरतात ते ऐकण्यासारखं असतं, ‘माझे अठरा शेक झाले, सात राहिले’, ‘शनिवार-रविवार शेक नसतो’, ‘आतला शेक पुढच्या आठवड्यात’. हा आतला शेक म्हणजे ब्रेकीथेरपी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये किरणांचा स्रोत शरीराच्या आत, गाठीच्या अगदी जवळ नेऊन देतात ती. ब्रेकी हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ ‘आखूड’, म्हणजे जवळून दिलेली. त्याला कुणी ‘निकट-किरणोपचार’ असं लिहिलेलं मी पाहिलंय, वाचायला बरं आहे, पण बाकड्यावरच्या बाईने त्याच्या आधीच ‘आतला शेक’ करून टाकलंय आणि तो जास्त कळतो.

अडचण शुद्धतेची नाहीच, अडचण उष्णतेची आहे. शेक म्हटलं की आपल्या डोक्यात शेकोटी येते, बाळंतिणीची शेकशेगडी येते, गरम पाण्याची पिशवी येते. आणि रेडिएशनमध्ये उष्णता जवळजवळ शून्य असते! नेहमीचा रोजचा डोस २ ग्रे धरा, एक ग्रे म्हणजे एक किलो शरीरात शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा, तर २ ग्रेने तापमान वाढतं साधारण अर्धा सहस्रांश अंश, म्हणजे एका डिग्रीच्या हजाराव्या भागाच्याही निम्मं. गरम चहाचा घोट याच्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा देतो. किरणांचं काम भाजण्याचं नाहीच, ते पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात, निरोगी पेशी ते बऱ्यापैकी सांधून घेते, कॅन्सरच्या पेशीला ते तितकं जमत नाही, आणि म्हणून तर रोज थोडं थोडं देतात.

हे मी इतकं लांबण लावून का सांगतोय तर आमच्या एका मावशीला ‘पंचवीस शेक’ एवढंच सांगून पाठवलं होतं, कुणी सांगितलं ते जाऊ दे, तर तिने घरी येऊन दुखऱ्या बाजूला रोज रात्री गरम पाण्याची पिशवी ठेवायला सुरुवात केली, का तर दवाखान्यातला शेक सोसतो मग घरचा सोसायला काय झालं. किरण घेतलेल्या कातडीवर ऊब देऊ नये असं सांगतात, ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. कातडी आधीच लाल झालेली, चौथ्या दिवशी फोड आले. शब्दाने केलेली जखम म्हणतात ती ही अशी. त्यामुळे माझं म्हणणं, शेक ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे लगेच पुढे लिहा की याला शेक म्हणतात खरं पण यात ऊब नसते, मशीनखाली काही जाणवत नाही, आणि घरी शेकायचं नाही.

‘लाईट’ हाही शब्द चालतो, ‘लाईट मारली’, ‘लाईट घेतली’. त्याची गंमत वेगळीच आहे, कारण मराठीत लाईट म्हणजे वीज, ती जाते आणि येते, त्यामुळे ‘आज लाईट नाही’ हे वाक्य ऐकून मशीन बंद आहे की एमएसईबीने दगा दिला हे कळत नाही. शिवाय मशीनच्या खोलीत भिंतीवरून हिरव्या किंवा लाल लेझरच्या रेषा अंगावर पडतात त्या बऱ्याच जणांना उपचार वाटतात, त्या फक्त कातडीवरच्या खुणांशी शरीर जुळवायला असतात, खरे किरण दिसतच नाहीत. पत्रकात लाईट नको.

किरणोत्सर्ग तर नकोच नको. बातम्यांमुळे तो शब्द चेर्नोबिलला आणि फुकुशिमाला बांधला गेलाय, आणि त्याच्याच पोटातून ‘किरणोत्सर्गी’ येतं. मग पेशंट विचारतो, मी नातवाला मांडीवर घेऊ का? बाहेरून मशीनने जे देतात त्यात बटण बंद झालं की किरण संपले, अंगात काही उरत नाही, खुशाल घ्या नातवाला. थायरॉइडसाठी रेडिओ-आयोडीन पोटात देतात तिथे मात्र काही दिवस खरंच अंतर पाळायला सांगतात, त्या पत्रकात किरणोत्सर्गी शब्द जागेवर बसेल. शाळेच्या पुस्तकातलं ‘प्रारण’ आठवत असेल, उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण. शब्द नेमका आहे पण परीक्षेनंतर कुणी तोंडात घेतलेला नाही. आणि हिंदीवरून ‘विकिरण’ उचलू नका, आपल्या पुस्तकात प्रकाशाचं विकिरण म्हणजे प्रकाश विखुरणं, आकाश निळं का दिसतं तिथलं. गाठीवर नेम धरून मारायच्या किरणांना विखुरणारे म्हणणं बरं नाही.

तर मथळ्यात किरणोपचार, मजकुरात रेडिएशन, आणि मोजताना शेक. एका वेळच्या डोसाला इंग्रजीत ‘फ्रॅक्शन’ म्हणतात, त्याला अपूर्णांक लिहू नका हे सांगायला नको, पण ‘हप्ते’ लिहायचा मोह होईल, मलाही झाला होता, अर्थ चोख बसतो, एकूण डोस हप्त्याहप्त्याने फेडायचा. पण मुंबईत हिंदी कानावर घेऊन वाढलेला माणूस ‘१५ हप्ते’ म्हणजे पंधरा आठवडे समजेल आणि घाबरून घरी जाईल. पंधरा शेक, तीन आठवडे. संपला विषय.

आता तुमचा खरा प्रश्न, नॉन-इन्फिरिअर. तुमची ट्रायल कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून मी याच प्रकारची गाजलेली ब्रिटनमधली ‘फास्ट-फॉरवर्ड’ घेतो. २०११ ते २०१४ मध्ये ९७ हॉस्पिटलांतून ४०९६ पेशंट घेतले, एका गटाला ४० ग्रे, १५ शेक, तीन आठवडे, आणि दुसऱ्या दोन गटांना पाचच शेक एका आठवड्यात, एकाला एकूण २७ ग्रे आणि एकाला २६. निकाल २०२० मध्ये आला. पाच वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण अनुक्रमे २.१, १.७ आणि १.४ टक्के, आणि २६ ग्रेवाल्यांचा नंतरचा त्रास, म्हणजे स्तन कडक होणं, आकार बदलणं वगैरे, पंधरा शेकांच्या जवळपासच राहिला, २७ मध्ये थोडा जास्त दिसला. आता हे आकडे बघून कुणीही म्हणेल की पाच शेक जास्त चांगले, पण संशोधकांनी तसं म्हटलेलं नाही, कारण त्यांनी आधीच ठरवलेला प्रश्न वेगळा होता, की नवी पद्धत जुनीपेक्षा फार तर १.६ टक्क्यांनी वाईट असली तर आपण चालवून घेऊ, तेवढ्याच्या आत ती राहते का? राहिली. तेवढंच सिद्ध झालं. हे ‘समान’ नाही, ‘सरस’ नाही, हे ‘ठरवलेल्या सवलतीपेक्षा जास्त कमी पडलं नाही’ असं आहे.

आणि मराठीत याला तयार शब्द आहे की! डावं-उजवं. ‘हा काही त्याच्यापेक्षा डावा नाही’ म्हणजे उजवा आहे असा दावा नाही, फक्त कमी नाही. माझ्या मते इंग्रजीपेक्षाही हे सुटसुटीत आहे, मी तर खूश होऊन एका मैत्रिणीला पाठवलंसुद्धा, ती रेडिएशन विभागात काम करते. तिचा उलट मेसेज आला, ‘स्तनाच्या कॅन्सरच्या फॉर्मवर डावा-उजवा?? वेडा आहेस का?’ बरोबर आहे तिचं. तिथे प्रत्येक कागदावर डावी बाजू की उजवी हे तपासून लिहितात, डावी असेल तर हृदय जवळ म्हणून श्वास रोखून धरायला लावतात, आणि आपण लिहिणार ‘पाच शेक डावे नाहीत’. इतका देखणा शब्द आणि नेमका तिथेच वापरता येत नाही. प्रोस्टेटच्या ट्रायलमध्ये वापरा म्हणतो मी, तिथेही असंच ३७ वरून २० शेकांवर आणलंय.

इथे ‘कमी न पडणं’ घ्या. उणा न ठरणं पण चालेल, पण कमी पडणं हे घरातलं आहे, पीठ कमी पडतं, पैसे कमी पडतात, किती कमी पडलं तर चालेल हेही आपण रोज ठरवतो.

दोन किरकोळ गोष्टी. ट्रायलमधल्या एकेका गटाला इंग्रजीत ‘आर्म’ म्हणतात, त्याला कृपया हात किंवा बाहू लिहू नका, या पेशंटना काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते आणि त्यांना ‘नियंत्रण हात’ असं काही वाचायला मिळालं तर त्या आपला हात पुढे करतील. गट. परळच्या टाटा हॉस्पिटलची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची ८५० बायकांची ट्रायल, २०१८ मध्ये छापून आलेली, मराठीत सांगायची झाली तर ‘एका गटाला नुसतं रेडिएशन, दुसऱ्याला सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, पाच वर्षांनी जिवंत ४६ आणि ५४ टक्के’, एवढ्यात होतं, बाहू लागत नाही. आणि ‘रँडमाइज’ला, म्हणजे कोण कुठल्या गटात हे नशिबावर सोडण्याला, यादृच्छिक कंसातसुद्धा नको, ‘चिठ्ठी टाकून’ पण नको कारण दवाखान्यात चिठ्ठी म्हणजे औषधाची. लहानपणी खापरीला एका बाजूने थुंकी लावून ओली-सुकी करायचो ना, तेच कॉम्प्युटर करतो, तेव्हा ‘छापा-काटा केल्यासारखं’ लिहा, कुठला गट मिळणार हे डॉक्टरही ठरवत नाहीत असं जोडा.

एकूण वाक्य मी असं करीन: ‘पाच शेकांचा उपचार पंधरा शेकांपेक्षा कमी पडत नाही ना, हे आम्हाला बघायचं आहे. तुम्हाला कुठला उपचार मिळेल हे छापा-काटा केल्यासारखं कॉम्प्युटर ठरवेल.’ सासूबाईंना वाचून दाखवा आणि त्या कुठे अडल्या ते इथे लिहा.