रिचर्ड ॲटनबरो मुळात नट होते ना? मग ‘गांधी’ हा सिनेमा सोडला तर दिग्दर्शक म्हणून त्यांचं काय शिल्लक राहतं?

शिल्लक बरंच राहतं. पण कॅमेऱ्याची करामत शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. ॲटनबरो दिग्दर्शक झाले तरी आतून नटच राहिले. त्यांचे चांगले सिनेमे त्यामुळेच चांगले झाले आणि फसलेले बऱ्याच अंशी त्यामुळेच फसले, असं माझं मत आहे.

जन्म १९२३चा, केंब्रिजमधला. वाढले लेस्टरला. (निसर्गपटवाले डेव्हिड ॲटनबरो हे त्यांचे धाकटे भाऊ. दोघांची गल्लत नेहमी होते.) लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिक्षण झालं आणि १९४२ला पडद्यावर पहिली छोटी भूमिका मिळाली. ‘ब्रायटन रॉक’मधला पिंकी हा पोरसवदा गुंड त्यांनी आधी रंगमंचावर केला, मग १९४७ला सिनेमात. चेहरा बाळसेदार, डोळे मात्र थंडगार. हा विरोधाभास त्यांना आयुष्यभर पुरला. १९७१च्या ‘टेन रिलिंग्टन प्लेस’मध्ये त्यांनी ख्रिस्टी हा खरोखर होऊन गेलेला खुनी केलाय तो बघा. आवाज कुजबुजीच्या वर जात नाही, शेजाऱ्याला चहा विचारावा तसं सगळं बोलणं, आणि तरी अंगावर काटा येतो. त्यांना नुसते ‘गांधी’चे दिग्दर्शक म्हणून ओळखणाऱ्यांनी हा सिनेमा चुकवू नये.

१९५२ला ॲगाथा ख्रिस्तींचं ‘द माउसट्रॅप’ आलं. त्यात ॲटनबरो पोलीस सार्जंट ट्रॉटर आणि पत्नी शीला सिम मॉली. दोघांनी मानधन कमी घेऊन नफ्यात १० टक्के वाटा घेतला. हे नाटक लंडनमध्ये अजून चालू आहे, म्हणजे पुढच्या पिढ्या बसून खातील असा सौदा. पण ‘गांधी’साठी पैसे कमी पडायला लागले तेव्हा उरलेला वाटाही त्यांनी विकून टाकला.

‘गांधी’ सोडून विचार करा म्हणता, पण मला तो सोडता येत नाही. १९६२ला लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयातले मोतीलाल कोठारी यांनी त्यांना फोन करून विषय सुचवला आणि लुई फिशर यांनी लिहिलेलं गांधीचरित्र वाचायला लावलं. तोवर ॲटनबरोंनी एकही सिनेमा दिग्दर्शित केलेला नव्हता. म्हणजे आधी विषय मिळाला, दिग्दर्शन मागून आलं. पहिला सिनेमा १९६९चा, ‘ओह! व्हॉट अ लव्हली वॉर’. मग ‘यंग विन्स्टन’, ‘अ ब्रिज टू फार’. मध्येच १९७७ला सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त जनरल उट्रम म्हणून ते नट होऊन उभेही राहिले. कोठारी १९७०लाच गेले. ‘गांधी’चं चित्रीकरण सुरू व्हायला १९८०चा नोव्हेंबर उजाडला.

लोक अंत्ययात्रेचं सांगतात. ३१ जानेवारी १९८१, दिल्ली, तीन लाखांवर माणसं, अकरा कॅमेरे आणि पडद्यावर जेमतेम दोन मिनिटं. मला मात्र आफ्रिकेतल्या आश्रमातला प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. कस्तुरबा संडास साफ करायला नकार देतात, गांधी त्यांना हाताला धरून दारापर्यंत ओढत नेतात आणि मग स्वतःच वरमतात. रोहिणी हट्टंगडी रडून सहानुभूती गोळा करत नाहीत. आधी अपमान, मग राग, आणि शेवटी नवऱ्याची समजूत घालणारा तो सूर. दोन नटांना जागा करून देऊन दिग्दर्शक बाजूला झालाय. या भूमिकेसाठी हट्टंगडींना बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. वेशभूषेचं ऑस्कर कोल्हापूरच्या भानू अथैया यांना, जॉन मोलो यांच्याबरोबर. एकूण आठ ऑस्कर. डॉ. लागूंचे गोखले थोडाच वेळ दिसतात, पण गांधींना देश बघून यायला सांगणारा माणूस असाच असणार असं वाटतं.

आता दुसरी बाजू. तीन तासांच्या या सिनेमात डॉ. आंबेडकर कुठेच नाहीत. पुणे करार ज्याला माहीत आहे त्याला ही फट बुजवता येत नाही, आणि ‘वेळ पुरला नाही’ हे कारण मला तरी पटत नाही. एका माणसावर प्रेम बसलं की बाकीचे कडेला सरकतात, हा त्यांचा कायमचा दोष. ‘क्राय फ्रीडम’मध्ये तर दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको अर्ध्यावरच जातो आणि पुढची कथा त्याच्या गोऱ्या पत्रकार मित्राच्या पलायनाची होते. ‘कोरस लाइन’बद्दल न बोललेलं बरं.

पण नटांच्या बाजूने हिशेब मांडा. ‘गांधी’साठी बेन किंग्जलींना ऑस्कर, ‘क्राय फ्रीडम’साठी डेन्झेल वॉशिंग्टन, ‘चॅप्लिन’साठी रॉबर्ट डाउनी ज्युनियर आणि ‘शॅडोलँड्स’साठी डेब्रा विंगर यांना नामांकनं. अँथनी हॉपकिन्स त्यांच्या पाच सिनेमांत आहेत. ‘शॅडोलँड्स’मध्ये आई गेलेल्या पोराशेजारी हॉपकिन्स माळ्यावर बसतात. बोलायचा प्रयत्न करतात, ते जमत नाही, आणि मग दोघंही कोसळतात. असा प्रसंग नटाला सुरक्षित वाटल्याशिवाय होत नाही. तालमीच्या हॉलमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही हे कळेल.

‘शॅडोलँड्स’ आला त्याच १९९३ला स्पीलबर्गच्या ‘जुरासिक पार्क’साठी ते पुन्हा अभिनयाकडे आले, आणि आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला ते पांढऱ्या दाढीचे, डायनासोरवाले आजोबा म्हणूनच माहीत आहेत. गंमत म्हणजे १९८२च्या सिनेमांच्या ऑस्करला ‘गांधी’समोर स्पीलबर्गचाच ‘ई.टी.’ होता, आणि ‘ई.टी.’च जिंकायला हवा होता असं ॲटनबरो स्वतः सांगत.

तेव्हा ‘गांधी’ पाहिला असेल तर पुढे ‘शॅडोलँड्स’ बघा.