मदत मागितली म्हणजे विश्वास कमी पडला असं होतं का?

ताई, तुमचा प्रश्न मी काल रात्री दोनदा वाचला. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याची शिफ्ट, मुलगी दहावीला. रविवारी चर्चबाहेर सगळे "आम्ही प्रार्थना करतोय हं" म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. तुम्हाला स्वतःला आता प्रार्थनाही होत नाही. आणि शेवटी विचारलंय की मदत मागितली तर माझा विश्वास कमी पडला असं होईल का.

नाही होणार. ठामपणे सांगते, कारण असंच समजून मी सात महिने काढले.

मी वसईची, कॅथलिक. माझ्या नवऱ्याला एकोणपन्नासाव्या वर्षी लकवा झाला, डावं अंग पूर्ण गेलं. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉस्पिटलमधून सोडताना दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं. ते अंगाने भरलेले, मी एकटी. रात्री अकरा, एक, तीन, पाच असे अलार्म लावायचे. पाचव्या आठवड्यात माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला, मग तिथली कातडीच गेली. ती जखम पाहून मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. आणि त्याच रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, कुणीतरी चौकशी केली तेव्हा हसून म्हटलं, "बरं चाललंय, देवाची कृपा."

लोक नुसतं "प्रार्थना करतो" म्हणून जातात याचा मलाही राग यायचा. नंतर लक्षात आलं, मी त्यांना दुसरं काही कळूच दिलं नव्हतं.

मग जुलैत नवऱ्याला लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप चढला. रात्र, धो धो पाऊस, खाली ॲम्ब्युलन्स उभी आणि आमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. शेजारचा मुलगा धावत जाऊन तिघांना घेऊन आला. त्यांतल्या एकाशी पार्किंगवरून आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. चौघांनी जाड चादरीचे चार कोपरे मनगटाला गुंडाळून घेतले आणि एकेक पायरी उतरू लागले. डोक्याकडचा माणूस मोठ्याने पायऱ्या मोजत होता. मागून मी, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात त्यांच्या चपला. चपला कशाला घेतल्या होत्या देव जाणे, सात महिने त्यांनी पाय टेकला नव्हता.

हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर मला कफर्णहूमची गोष्ट आठवली. मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात आहे, तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याला येशूपुढे खाली सोडतात. पुढचं वाक्य मी कितीदा ऐकलं होतं, पण कधी नीट ऐकलंच नव्हतं. येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. अनेकवचन आहे, ताई. बाजेवरचा माणूस येशूपाशी येईपर्यंत एक शब्द बोललेला नाही. त्याला त्या दिवशी प्रार्थना करता येत होती की नाही, याची तिथे चौकशीच नाही.

तुम्हाला प्रार्थना होत नाही म्हणता ना? मलाही होत नव्हती. त्या रात्रीनंतर आमच्या आळीतल्या एक काकी दर मंगळवारी दुपारी दोन ते चार यांच्यापाशी येऊन बसायला लागल्या. त्या खुर्चीत बसून रोझरीची माळ म्हणायच्या आणि मी आतल्या खोलीत मेल्यासारखी झोपायचे. पहिल्या मंगळवारी जाग आली तेव्हा मी ओशाळले, म्हटलं, काकी, मी पण बसायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या वाटचीपण मी म्हटली."

बायबलमध्ये "एकमेकांची ओझी वाहा" असं गलतीकरांच्या पत्रात आहे, ते आपण सगळे दुसऱ्याचं ओझं उचलण्यापुरतंच वाचतो. पण कुणी आपलं ओझं खाली ठेवलंच नाही, तर दुसरा उचलणार काय? याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच लिहिलंय की आजारी माणसाने स्वतः चर्चच्या वडीलधाऱ्यांना बोलावून घ्यावं. बोलावण्याचं काम आजाऱ्याकडे दिलंय. आणि गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू तीन शिष्यांना म्हणाला, माझा जीव अतिशय खिन्न झालाय, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. त्याला हे मागायला कमीपणा वाटला नाही. ते तिघे झोपले, ही गोष्ट वेगळी. तुमच्याही वाट्याला झोपणारे येतील, त्यांच्यामुळे मागणं सोडू नका.

आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे कळत होतं असं मला वाटतं. १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी वसईत कॅथलिक लोकांची सहकारी पतपेढी काढली, तीच पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. शेतकरी सावकाराच्या पाशात होते, त्यातून सुटायला. पतपेढीत एका हंगामात आपण पैसे ठेवायचे, दुसऱ्या हंगामात कर्ज घ्यायचं, शेजाऱ्याला जामीन राहायचं. त्याला कुणी भीक म्हटलं नाही. तुम्हीही वर्षानुवर्षं कुणाच्या तरी बाळंतपणात, मयतीत उभ्या राहिला असालच. तिथे तुमचा भरणा आहे.

तुमच्या चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, म्हणजे गरजूंना मदत करणारी कॅथलिकांची संस्था, असेल तर आधी तिथे जा. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत ती सुरू केली, तेही "तुम्ही ख्रिस्ती लोक नुसतं बोलता, करता काय?" असं कुणीतरी टोचून विचारल्यावर. हे लोक जोडीने घरी येतात आणि बाहेर वाच्यता करत नाहीत. बैठकीत एक पिशवी फिरते, तिच्यात कोण किती टाकतं ते शेजारच्यालाही दिसत नाही. मला त्यांच्याकडून एअर मॅट्रेस वापरायला मिळाली, जखमेचं ड्रेसिंग करणारी नर्सही त्यांनीच गाठून दिली. सोसायटी नसेल तर फादरना किंवा पाळकांना भेटा, पण मिस्सा संपल्यावर दारात, घाईत नको. वेळ मागून घ्या.

आणि मागताना नेमकं मागा. "काही लागलं तर सांग" म्हणणारी माणसं खोटी नसतात, त्यांना काय करायचं ते सुचत नाही. त्यांना सांगा: गुरुवारी दुपारी दोन तास बसाल? शनिवारी डाळ-भात पाठवाल? मुलीला गणित दाखवाल? माझ्याकडे पार्किंगवरून भांडलेला तो माणूस अजूनही महिन्याला डायपरचं खोकं जिन्यावरून वर आणून ठेवतो.

एक कडू गोष्टही सांगते. कुणीतरी येऊन म्हणेल की हे घरातल्या पापाचं फळ आहे, किंवा देव परीक्षा घेतोय. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं आणि येशूने सरळ सांगितलं, याने पाप केलं नाही, याच्या आईबापानेही नाही. बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसावर संकटांमागून संकटं आली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. असा कुणी आला तर चहा द्या आणि ते वाक्य मनाला लावून घेऊ नका.

नणंदा-दिरांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. सासूबाईंना आणखी मुलं असतील तर त्यांनाही याच आठवड्यात फोन करा. त्याच गलतीकरांच्या पत्रात तीन ओळी खाली लिहिलंय की प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे. चर्चची मदत आली म्हणून त्यांचा वाटा सुटत नाही.

आणि आज रात्री सासूबाईंना वळवाल तेव्हा टाचा आणि माकडहाड टॉर्च लावून बघा. लाल दिसलं आणि बोटाने दाबून सोडल्यावर ते पांढरं होत नसेल, तर उद्याच डॉक्टरांना दाखवा, रविवारची वाट पाहू नका. अंगाखाली एक जाड चादर आडवी घालून ठेवा, तिला धरून वळवायला दोघींना सोपं जातं. दुसरी कोण, ते उद्या सकाळी शेजारी विचारा.