लेक मिशनरी म्हणून केनियाला निघाली आहे, हे करिअर म्हणायचं का?

पत्र : सर, माझी मुलगी कोल्हापुरातच बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं लग्न ठरलंय. जावई पुण्यात धर्मशिक्षण पूर्ण करून बाहेर पडलेत आणि एका भारतीय मिशन संस्थेनं त्यांना पश्चिम केनियात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामासाठी निवडलंय. लग्नानंतर दोघंही जाणार. मंडळीत सगळे कौतुक करतात, पण पगार किती, मुलं कुठं शिकणार, म्हातारपणी काय, हे कुणी बोलत नाही. मी विचारलं तर हिचा विश्वास कमी पडला असं म्हणतील, म्हणून गप्प बसते. चार वर्षं शिकून तिनं नर्सिंग सोडायचं का? आणि तिथं ही माणसं दिवसभर करतात तरी काय? — एक आई, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर कळल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांचा हिशेब लागत नाही.

दिवसभर ही माणसं संसार करतात. पाणी भरतात, भाजी आणतात, पोरांचा अभ्यास घेतात, आल्यागेल्याला चहा देतात, कुणाच्या आजारपणात, कुणाच्या मयताला जाऊन बसतात. त्यांची सेवा घडते ती हे सगळं करता करताच. रविवारचा उपदेश आणि बायबलचे वर्ग असतातच, पण आठवड्याचे फार थोडे तास त्यात जातात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पश्चिम केनियात नवऱ्याबरोबर अशाच कामावर आहे. तीही नर्स. आपल्याकडं रात्रीचे साडेआठ होतात तेव्हा तिच्याकडं सहा वाजलेले असतात, त्यामुळं तिचा फोन येतो तो स्वयंपाकाच्या वेळेला. मागच्या वेळी बोलताना ती कणीक मळत होती. चपाती तिथं घरोघरी ठाऊक आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वे बांधायला भारतातून हजारो मजूर नेले होते, तेव्हापासून आपलं खाणं तिकडं रुजलं. रोजचं जेवण मात्र उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत पालेभाजी. बोलता बोलता दारात शेजारची बाई आली, कडेवर तापानं फणफणलेलं पोर. फोन तसाच ठेवून हिनं हात धुतले, पोराचं अंग पाहिलं, ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं आणि मलेरियाची तपासणी आत्ताच करून घे म्हणून दोघांना मिशनच्या दवाखान्यात पाठवलं. तेवढ्यात वीज गेली. नवरा सकाळपासून एका अंत्यविधीला गेला होता. त्या भागात मयताचं कार्य दिवसचे दिवस चालतं, सगळा गाव जमतो आणि पाळकानं तिथं असावंच लागतं. तो बोडा-बोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून, धुळीनं माखून परत आला आणि मग दोघांनी मेणबत्तीच्या उजेडात मुलीचं गणित घेतलं. फोन पुन्हा उचलून ती म्हणाली, "सर, आजचा दिवस चांगला गेला."

या दिवसात तुमची लेक स्वतःला पाहू शकते का, हे तिला विचारा. निरोपाच्या उपासनेत हार घालून उभी असलेली मुलगी सगळ्यांनाच दिसते. निर्णय मात्र या साध्या दिवसाकडं बघून व्हायला हवा. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

खरं तर कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. आपण ते फक्त दुसऱ्या बाजूनं पाहिलं आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर आणि त्यांची पत्नी एलायझा 1852 साली थेट अमेरिकेहून नव्हे, तर आधी अहमदनगरला काही वर्षं काढून, मराठी शिकून कोल्हापुरात आले. शाळा काढल्या, गावोगाव फिरले. पुढं पाठवणाऱ्या मंडळाशी मतभेद होऊन ते वेगळे झाले आणि बरीच वर्षं स्वतंत्रपणे काम करत राहिले. त्यांची मुलं इथंच वाढली. रॉबर्टचा जन्म 1863 चा, कोल्हापूरचा. ही पोरं अमेरिकेला परतली तेव्हा परका कोणता देश आणि आपला कोणता, हे त्यांचं त्यांनाच ठरवावं लागलं असणार. वडील गेल्यावर ग्रेस ही मुलगी आईला घेऊन पुन्हा आपल्याच भागात कामाला आली. वायल्डर मेमोरियल चर्चसमोरून जाताना आपण नाव वाचतो, पण त्या नावामागं चूल, बाळंतपणं, पैशाची ओढाताण आणि वरिष्ठांशी झालेली पत्रापत्री आहे. मिरजेच्या डॉ. वॉन्लेस यांचंही तेच. 1894 मध्ये रुग्णालय सुरू झालं म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्यांच्या हातात शस्त्रक्रियेचं कसब होतं, म्हणून पंचक्रोशीनं त्यांना दार उघडलं.

इथूनच नर्सिंगच्या प्रश्नाकडं येतो. नर्सिंग अजिबात सोडायचं नाही. पौल प्रेषितसुद्धा तंबू बनवण्याचा धंदा करून पोट भरत होता, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी तुमच्या मंडळीतला नाही, पण मिशनच्या कामावर गेलेल्या कुटुंबांना इतकी वर्षं पाहून माझं मत पक्कं झालंय की हातात कसब असलेली बाई तिथं टिकते आणि नुसती "मिशनरीची बायको" म्हणून गेलेली लवकर खचते. नवऱ्याचं काम ठरलेलं असतं, हिचं ठरलेलं नसतं. भाषा येत नाही, ओळख नाही, घरात बसून दिवस जात नाही.

कागदाची अडचणही नेमकी इथंच येते. केनियात धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी वेगळ्या वर्गाचा परवाना मिळतो आणि तो जावयांच्या नावानं निघेल. त्यांच्यावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून जो पास मिळतो, त्यावर नोकरी करता येत नाही. म्हणजे तिला दवाखान्यात काम करायचं असेल तर तिचा परवाना वेगळा हवा, आणि केनियाच्या नर्सिंग कौन्सिलकडं तिची नोंदणी हवी. संस्थेला आजच विचारा की तिचा अर्ज कोण करणार, खर्च कोण देणार. "तिथं गेल्यावर बघू" हे उत्तर चालवून घेऊ नका.

तिच्यासाठी मी सुचवेन तो क्रम असा. पदवी झाली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ताबडतोब. मग निदान दोन वर्षं इथंच नोकरी, आणि तीही चकचकीत कॉर्पोरेट रुग्णालयात नको. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात काम मिळालं तर सोनं, नाहीतर चंदगड, शाहूवाडीकडचं ग्रामीण रुग्णालय. डॉक्टर यायला वेळ लागतोय, बाई अडलीय आणि निर्णय आपल्याला घ्यायचाय, असे प्रसंग तिनं इथं, मराठीत, ज्येष्ठ सिस्टरांच्या नजरेखाली काढलेले बरे. परदेशी नोंदणीलाही अनुभवाचे दाखले लागतात. ही दोन वर्षं जावईही रिकामे बसणार नाहीत. स्वाहिलीचा पाया इथं घालता येतो, आणि तिथं पोचल्यावर गावातली लुह्या किंवा लुओ यांसारखी बोली निराळी शिकावी लागेलच. पहिलं वर्ष बहुतेक भाषेतच जातं. त्या वर्षात माणूस लहान मुलासारखा बोलतो, बाजारात लोक हसतात. जे जोडपं हे मनाला लावून घेत नाही, त्याचे पाय तिथं रोवले जातात. आणि परदेशात असताना इथल्या नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका, परत आल्यावर नोकरी त्यावरच मिळेल.

आता पैसे. ताई, तुम्ही गप्प बसलात याचं मला फार वाईट वाटलं. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, हे लूकच्या 14 व्या अध्यायात येशूनंच सांगितलंय. विचारणं हा अविश्वास नव्हे.

अशा संस्थांत बहुतेक ठिकाणी नेहमीचा पगार नसतो, निर्वाह भत्ता असतो. तो मंडळ्यांच्या आणि व्यक्तींच्या देणगीतून येतो आणि पुष्कळदा तो उभा करण्याचं काम त्या जोडप्यावरच असतं. मग दर महिन्याला वार्तापत्र लिहायचं, हिशेब पाठवायचे, सुट्टीवर घरी आलं की विश्रांतीऐवजी मंडळी-मंडळीत जाऊन कामाची माहिती द्यायची. हे कामच आहे आणि दमवणारं आहे. देणगी कमी पडली तर भत्ता कापला जातो की संस्था भरून काढते, हे लेखी घ्या. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या धर्मादाय ट्रस्टना परदेशात खर्च करताना प्राप्तिकराचे निर्बंध आहेत. तेव्हा पैसा कोणत्या वाटेनं तिथं पोचतो तेही विचारा. सरळ संस्थेला हे सांगायला पाच मिनिटं लागतात. आजारपणात नैरोबीला किंवा भारतात हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, हेही त्याच बैठकीत.

म्हातारपणाची तरतूद लेक-जावयांनी आत्ताच सुरू करायची. पीपीएफ खातं परदेशात स्थायिक झाल्यावर नव्यानं उघडता येत नाही, आधीचं असेल तर मुदत संपेपर्यंत चालू राहतं. म्हणून दोघांनीही निघण्यापूर्वी खातं काढावं, वर्षाला थोडे भरले तरी चालतील. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, अनिवासी भारतीयांनाही खुली आहे. दोघांचा मुदतीचा विमाही इथूनच काढून जावं. मिशनमध्ये आयुष्य घालवून साठीत परतलेली आणि भाड्याचं घरही न परवडणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांच्या सेवेबद्दल मला आदर आहे आणि त्यांना पाठवणाऱ्यांचा रागही आहे.

मुलांच्या शाळेचा विषय आज लांबचा वाटेल, पण परतणारी कित्येक कुटुंबं याच कारणानं परततात. जुन्या काळी यावर एकच तोड होती, बोर्डिंग. अमेरिकन मिशनरींनी 1901 मध्ये कोडाईकनालला आणि 1906 मध्ये केनियात किजाबेला मुलांसाठी शाळा काढल्या, आणि सहा-सात वर्षांची लेकरं महिनोन्‌महिने आईबापांपासून लांब राहिली. काही त्यात घडली, काहींच्या मनात ते दुखणं आयुष्यभर राहिलं. आता स्थानिक शाळा, घरून शिकवणं असे आणखी मार्ग आहेत. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आपलं जूनमध्ये, त्यामुळं मधेच परतलं तर मूल मागंपुढं होतं. आणि महत्त्वाचं हे की महाराष्ट्रात मेडिकलला राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा असेल तर साधारणपणे दहावी आणि बारावी इथूनच झालेली लागते. माझा सल्ला असा, की मूल आठवीत जाईल तेव्हा परतायचं की तिथंच राहायचं, याचा फेरविचार करायचं दोघांनी आजच ठरवून ठेवावं. घरात मराठी मात्र बोलावी. आज्जीशी बोलता यायला हवं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेनुसार तिथं राज्याचा धर्म नाही आणि चर्चचं काम उघड चालतं. पण संस्थेनं उद्या दुसऱ्या देशात बदली केली तर तिथले नियम आधी वाचा. नेपाळच्या 2015 च्या घटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला बंदी आहे. परवान्यावर जे काम लिहिलंय तेच करायचं, हा नियम सगळीकडं लागू.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, आणि मला तिचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. संस्थेनं जावयांची मुलाखत घेतली. तुमच्या मुलीची घेतली का? पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, तिला स्वतःला आहे, की लग्न ठरलं म्हणून ती निघाली आहे? जावई समोर नसताना, स्वयंपाकघरात दोघीच असताना विचारा. ती "मला जायचंय" म्हणाली आणि त्या साध्या दिवसाचं वर्णन ऐकूनही म्हणाली, तर तिला अडवू नका. फारच मोलाचं काम आहे ते आणि तिच्या हातांना तिथं खरी गरज आहे. ती घुटमळली तर लग्न मोडायचं काही कारण नाही, जाणं आणखी पुढं ढकला. चांगली संस्था थांबते. थांबायला तयार नसेल, तर संस्था बदला. काम चालू असलेल्या ठिकाणी दोघांनी आधी महिनाभर राहून यावं, हे मी जवळजवळ अट म्हणूनच घालेन. मुंबईहून नैरोबीला विमान सहा-सात तासांत जातं.

त्या भेटीआधी पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस अगोदर घ्यावी लागेल. तिचं प्रमाणपत्र नसेल तर केनियाहून परतल्यावर इथं विलगीकरणात ठेवतात. लस फक्त अधिकृत केंद्रात मिळते, पण एकदा घेतली की आयुष्यभर चालते. तेव्हा ताई, तुम्हीही ती घ्या आणि पासपोर्टही काढून ठेवा. कोल्हापुरातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं तर ठीकच, नाहीतर तुम्हालाच तिकडं जावं लागेल.