सूर्य पिवळा की लाल?

प्रश्न : माझी नात टोकियोत शिकते. तिथली मुलं चित्रात सूर्य लाल रंगवतात. सुट्टीत ती इथे आली, तर शेजारच्या मुलाने काढलेला पिवळा सूर्य बघून दोघांचं जुंपलं. निवाडा माझ्याकडे आलाय. काय सांगू?
– एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजीबाई, निवाडा दोघांच्याही विरोधात जातोय. सूर्य पांढरा आहे. एकोणतीस वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. हे वाक्य उच्चारल्यावर वर्गात हशा पिकला नाही, असं एकही वर्ष गेलं नाही.

घर कौलारू असेल तर पुरावा घरातच सापडेल. भर दुपारी कौलाच्या बारीक फटीतून माजघरात कवडसा पडतो ना? फट वेडीवाकडी असली तरी जमिनीवरचा ठिपका गोल असतो. कारण तो आकार फटीचा नाहीच, सूर्याचा आहे! दहा फुटांवरून पडला तर जेमतेम इंचभर. त्याखाली कोरा कागद धरा आणि मुलांना रंग विचारा. पिवळा खडू कुणी उचलणार नाही. (थेट सूर्याकडे मात्र बघू देऊ नका.)

सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअसला तापलेला आहे. त्यातून जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग निघतात आणि त्यांची बेरीज होते पांढरी. वाटेत आपली हवा आडवी येते. तिचे रेणू तांबड्यापेक्षा निळा प्रकाश पाच-सहा पट जास्त विखुरतात. हा उधळलेला निळा म्हणजेच आभाळ. सूर्य डोक्यावर असताना ही गळती थोडी असते. तो क्षितिजाला टेकला की किरणांना जवळजवळ अडतीस पट हवा ओलांडावी लागते. निळा, हिरवा वाटेतच सांडतो, आपल्यापर्यंत पोचतो तो तांबूस उरलासुरला प्रकाश. आणि आपण सूर्याकडे बघतो ते नेमकं तेव्हाच! दुपारी बघवतो कुणाला? म्हणून ‘सूर्याचा रंग’ म्हणून डोक्यात बसतो तो सकाळ-संध्याकाळचा.

काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दुधाचे दोन-तीन थेंब टाका आणि अंधारात एका बाजूने बॅटरी धरा. बाजूने पाणी निळसर दिसेल, समोरून दिवा पिवळट-नारिंगी. पहिल्यांदा मी वर्गात हौसेने चमचाभर दूध ओतलं होतं. सगळंच पांढरं झालं आणि मुलांनी चहाची वेळ झाली का म्हणून विचारलं.

हवेत वेगळे कण आले की रंगही बदलतो. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, त्यानंतर सप्टेंबरात मद्रासकडे लोकांनी चक्क हिरवा सूर्य पाहिला. त्या आठवड्यात एखाद्या पोराने हिरवा सूर्य रंगवला असेल, तर मास्तरांना छडी उगारता आली नसेल.

तेव्हा नातीचा सूर्य भाट्याच्या किनाऱ्यावरचा, मावळताना टेकलेला. शेजारच्या पोराचा सकाळी सातचा. आता पांढऱ्या कागदावर पांढरा सूर्य काढायचा कसा, हे मला विचारू नका. चित्रकलेचा तास माझ्याकडे कधीच नव्हता.