तेल वर आल्याशिवाय गॅस बंद करू नका
स्वयंपाकघर : वाचकांचे प्रश्न

पश्चिम आफ्रिकेतल्या शेंगदाण्याच्या सूपबद्दल बडोद्याच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मापं चार-पाच माणसांची आहेत. कप 240 मिलिलिटरचा आणि चमचे सपाट भरलेले धरावेत.

प्रश्न : मुलाच्या वर्गात घानाचा एक विद्यार्थी आहे. त्याला जेवायला बोलावलं आहे आणि त्याच्याकडचं शेंगदाण्याचं सूप करायचं ठरवलं आहे. कोंबडी चालते. पहिल्यापासून कृती सांगाल का? (दांडिया बाजार)

घानात या सुपाला न्काटेन्क्वान म्हणतात. सेनेगल-मालीकडचं माफे आणि गांबियातलं डोमोडा ही याचीच भावंडं, पण ती जास्त दाट असतात आणि भातावर घेतात. तुमच्या पाहुण्यासाठी घानाची पद्धत देतो.

हाडांसकट कोंबडीचे मध्यम तुकडे 750 ग्रॅम, कच्चे शेंगदाणे 250 ग्रॅम, लालबुंद पिकलेले टोमॅटो 400 ग्रॅम, दोन मोठे कांदे, दोन इंच आलं, सहा पाकळ्या लसूण, अख्ख्या लवंगी मिरच्या तीन, टोमॅटो पेस्ट एक मोठा चमचा आणि मीठ. तेल अजिबात लागत नाही. हळद, धने-जिरे, गरम मसाला यांपैकी काही घालू नका. हात शिवशिवतील, पण आवरा.

आधी शेंगदाणे भाजून, सालं काढून, तेल सुटेपर्यंत वाटून ठेवा (वाटण्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर आहे). एक कांदा, आलं, लसूण वाटून एक लहान चमचा मिठासह कोंबडीला चोळा. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी न घालता झाकण ठेवून मंद आचेवर 10 ते 12 मिनिटं ठेवा. कोंबडीला स्वतःचं पाणी सुटतं, कांद्या-आल्याचा कच्चट वास जातो आणि सुपाची चव इथेच तयार होते. थेट पाण्यात उकळलेल्या कोंबडीचं सूप पाणचट लागतं.

आता सव्वा लिटर गरम पाणी घाला. त्यात टोमॅटो अख्खे, दुसरा कांदा अर्धा चिरून आणि मिरच्या देठासकट सोडा. 12 ते 15 मिनिटांत टोमॅटोची सालं फाटतात. टोमॅटो, कांदा आणि तिखट झेपेल तेवढ्या मिरच्या झाऱ्याने बाहेर काढा. टोमॅटोची सालं काढा, सगळं निवू द्या, मिक्सरमध्ये बारीक करा आणि गाळून परत पातेल्यात ओता. तिथे स्कॉच बॉनेट ही फार तिखट, सुवासिक मिरची वापरतात. तो वास आपल्या मिरचीत नाही, तिखटपणा मात्र भरून निघतो. एकही मिरची वाटली नाही तरी अख्ख्या उकळलेल्या मिरच्यांचा सौम्य तिखटपणा उतरतोच.

दुसऱ्या शेगडीवर जाड कढईत शेंगदाण्याची पेस्ट, टोमॅटो पेस्ट आणि पातेल्यातलं दोन डाव गरम पाणी घालून रवीने किंवा व्हिस्कने एकजीव करा. मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं सतत हलवत राहा. रंग गडद होतो, मिश्रण आळतं आणि कडेने तांबूस तेल दिसू लागतं. मग डावाडावाने पातेल्यातलं पाणी घालत ते सैल करा आणि पातेल्यात ओता.

यानंतर मंद आचेवर, झाकण थोडं उघडं ठेवून 30 ते 35 मिनिटं. दर चार-पाच मिनिटांनी लाकडी उलथन्याने तळ खरवडत ढवळा, कारण शेंगदाण्याचा साका खाली बसतो आणि करपतो. करपल्याचा वास आलाच तर ढवळू नका. वरचं सूप हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या. ब्रॉयलर कोंबडी एवढा वेळ उकळली तर तिचे धागे होतात, म्हणून पेस्ट ओतल्यावर 10-12 मिनिटांत तुकडा हाडापर्यंत शिजला आहे ना ते पाहून सगळे तुकडे बाहेर काढा आणि शेवटच्या पाच मिनिटांसाठी परत घाला. गावठी कोंबडी असेल तर ती आतच राहू द्या.

सूप झालं हे घड्याळ सांगत नाही. पृष्ठभागावर केशरी तेलाचे थेंब जमून त्यांचा पातळ थर झाला की झालं. तोवर शेंगदाणा कच्चाच लागतो, घशाला चिकटतो आणि मागाहून पोट जड करतो. मीठ शेवटी पाहा, कारण सूप आटतं. दाटपणा पातळ आमटीइतका हवा.

प्रश्न : मिक्सरमध्ये कूट होतो, पेस्ट होत नाही. थोडं पाणी घालू का? (रावपुरा)

घालू नका, तिथेच गडबड होते. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. वाटताना तेच बाहेर येतं आणि त्यात दाण्याचे कण तरंगत राहतात. चमचाभर पाणी पडलं की ओले कण एकमेकांना धरतात आणि मऊ होत चाललेल्या पेस्टचा घट्ट गोळा होतो.

आधी भाजणं नीट हवं. सगळे दाणे साधारण एका आकाराचे घ्या. बाजारात बोल्ड मिळोत की जावा, दोन्ही चालतात, पण मिसळ नको, कारण मोठे भाजेपर्यंत लहान जळतात. कढईत मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं, किंवा ओव्हनमध्ये 160 अंशांवर सुमारे 20 मिनिटं. दाणा मोडल्यावर आतून फिकट बदामी दिसला की थांबा, कारण उतरवल्यावरही तो आतल्या आत भाजत असतो. काळपट झाला तर सूप कडू होणार आणि त्यावर गूळ हा उपाय नाही.

हाताला सोसेल इतके गरम असताना सालं काढून लहान भांड्यात, अर्ध्यापेक्षा जास्त न भरता वाटा. 20-30 सेकंद फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. आधी कूट होतो, मग तो पात्यांखाली चिकटून बसतो. बहुतेक जण इथे हार मानतात. खरवडत राहा. आणखी पाच-सात वेळा फिरवल्यावर त्याला चकाकी येते आणि तो चमच्यावरून ओघळू लागतो. भांडं चटका देण्याइतकं तापलं तर दहा मिनिटं विश्रांती द्या, मोटारलाही आणि तुम्हालाही. 250 ग्रॅम कच्च्या दाण्यांची पेस्ट सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरते.

प्रश्न : भरूचची खारी सिंग घरात असतेच. ती वाटली तर? किंवा तयार पीनट बटर? (कारेलीबाग)

खारी सिंग चहाबरोबर खा. तिचं मीठ दाण्यात मुरलेलं असतं आणि सूप आटताना ते वाढतच जातं. पीनट बटर चालेल, पण डब्यावरची घटकांची यादी वाचा. त्यात शेंगदाणे आणि फार तर मीठ एवढंच असावं. साखर असेल तर सूप गोड होतं. ‘हायड्रोजनेटेड’ वनस्पती तेल असेल तर ते शेंगदाण्याचं तेल धरून ठेवतं. मग तास उकळलं तरी तेलाचा थर नीट येत नाही आणि सूप झालं की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. योग्य पीनट बटर मिळालं तर 225 ग्रॅम घ्या.

प्रश्न : माझ्या सुपात गुठळ्या झाल्या, आणि वर तेल येऊन ते फाटल्यासारखं दिसलं. (सयाजीगंज)

यातलं तेल वर येणं हा दोष नाही, तेच हवं होतं. ढवळलं की ते पुन्हा मिसळतं. फार वाटलं तर वाढताना चमच्याने थोडं काढून ठेवा, भातावर छान लागतं. काढून फेकू मात्र नका. गुठळ्या झाल्या त्या पेस्टचा गोळा थेट उकळत्या पाण्यात टाकल्यामुळे. बाहेरचा थर लगेच शिजून घट्ट होतो, आत पाणी जात नाही. आता उपाय एकच : कोंबडी बाहेर काढा, गुठळ्या झाऱ्याने वेचा, त्या कपभर गरम सुपाबरोबर मिक्सरमध्ये फिरवा आणि गाळून परत घाला.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. कोंबडी काढली तर उरतं काय? (मांजलपूर)

बरंच उरतं. माफेत रताळी, गाजर, कोबी या भाज्या असतातच. घानाकडे या सुपात भेंडी, वांगी आणि अळंबीही घालतात. अळंबी 250 ग्रॅम घ्या, कारण कोंबडीच्या रसाची जागा थोडीफार तीच भरते. वाटलेल्या कांदा-आलं-लसणीबरोबर तिचं पाणी सुटून आटेपर्यंत परता आणि एक लिटर पाणी घाला. टोमॅटो पेस्ट एकाऐवजी दोन मोठे चमचे घ्या. ती आधी कढईत एक चमचा शेंगदाणा तेलावर विटकरी रंगाची होईपर्यंत परता, मगच शेंगदाण्याची पेस्ट घाला. रताळं आणि गाजर शेवटच्या 20 मिनिटांत, छोटी वांगी चिरा देऊन 15 मिनिटांत, भेंडी अख्खी शेवटच्या सात-आठ मिनिटांत. भेंडी चिरून घातलीत तर सूप तार धरेल. घानात ते चालतं, आपल्याकडे पानावर कुरकुर होईल.

प्रश्न : मग ही आपली दाण्याची आमटीच की! एकादशीला चालेल? (दांडिया बाजार)

कांदा-लसूण असल्यामुळे नाही चालणार. आणि आमटी वेगळी. तिच्यात कूट असतो, आमसूल आणि गूळ असतो, जिरं-मिरची असते, आणि दहा मिनिटांच्या उकळीत ती तयार होते. या सुपात आंबटपणा टोमॅटोचा, गोडवा शिजलेल्या कांद्याचा, आणि दाण्याचं तेल सुटेपर्यंत ते गॅसवरून उतरत नाही.

प्रश्न : फुफू बडोद्यात कशाचं करायचं? (अलकापुरी)

फुफू म्हणजे सुपाबरोबर खायचा मऊ गोळा. उकडलेला कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) आणि हिरवी जाड केळी उखळात कुटून तो करतात. ते घरी जमवण्यापेक्षा ओमो तुओ करा, म्हणजे भाताचे गोळे. घानात रविवारी शेंगदाण्याच्या सुपाबरोबर हेच आवडीने खातात, त्यामुळे पाहुण्याला यात कमतरता वाटणार नाही.

बासमती नको, जुना कोलमही नको. दोन्ही मोकळे होतात. नवा, चिकट होणारा आखूड तांदूळ दोन कप, पाणी सात कप, मीठ अर्धा लहान चमचा. कुकरला पाच शिट्ट्या. झाकण उघडल्यावर गरम असतानाच लाकडी पळीने कडेला दाबत घोटा, कण दिसेनासे होईपर्यंत. पाणी राहिलं असेल तर मंद आचेवर आटवा. निवलेला भात घोटला जात नाही. ओल्या हाताने किंवा ओल्या वाटीत फिरवून गोळे करा. खोलगट बाऊलमध्ये एक-दोन गोळे ठेवायचे, वरून सूप ओतायचं. उजव्या हाताने तुकडा तोडून, सुपात बुडवून खायचं. चमचा मागायची गरज आपल्यालाही पडू नये.

प्रश्न : सगळं प्रेशर कुकरमध्ये एकदम? (गोत्री)

नको. दाट मिश्रण तळाला करपतं, फेसाळून शिट्टीच्या भोकात अडकतं आणि वाफ कोंडली तर धोका आहे. गावठी कोंबडी आधी कुकरमध्ये शिजवून घ्यायला हरकत नाही. पेस्ट घालायची ती उघड्या पातेल्यात.

प्रश्न : शेंगदाणा मूळचा आफ्रिकेचाच ना? (रावपुरा)

नाही, दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम आफ्रिकेत पोचला. तिथे बांबारा नावाचं, जमिनीखालीच शेंगा धरणारं स्वतःचं कडधान्य आधीपासून होतं. नवा दाणा लावायला आणि शिजवायला लोकांना वेगळं शिकावं लागलं नाही.

प्रश्न : थोडे खवट, सुरकुतलेले दाणे आहेत. सुपात खपून जातील का? (वाघोडिया रोड)

खवटपणा उकळून जात नाही, उलट तेल सुटल्यावर जास्त जाणवतो. आणि सुरकुतलेले, काळे-हिरवट डाग पडलेले, बुरशी लागलेले दाणे तर फेकूनच द्या. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये दूषित शेंगदाणा पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हाच्या शोधातून ते लक्षात आलं. घरच्या भाजण्या-उकळण्याने ते नष्ट होत नाही. पावसाळ्यात दाणे पंधरा दिवसांपुरतेच आणा आणि हवाबंद डब्यात ठेवा. पाहुण्यांपैकी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे बोलावतानाच विचारा. सुपात तो डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी थिजल्यासारखं झालं. टाकून द्यावं का? (कारेलीबाग)

रात्रीच फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर टाकू नका. थंड झाल्यावर शेंगदाण्याचा साका पाणी ओढून फुगतो, म्हणून ते घट्ट होतं. चार वाट्या सुपाला पाऊण वाटी गरम पाणी घाला, थंड नको. मंद आचेवर तळ खरवडत पूर्ण उकळी आणा, मग मीठ चाखा. फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. ओमो तुओ मात्र फ्रिजमध्ये कडक होतात. ते त्याच दिवशी संपवा, किंवा उरलेच तर ओल्या फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं वाफवून घ्या.