पाच किलोमीटर खोल वालुकाश्मात तेलाला जागा उरते ती कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: "जमिनीखाली चार-पाच किलोमीटरवर एवढा दाब असताना वाळूच्या दगडात तेल राहायला जागा कशी उरते? की तिथे तेलाची तळी असतात? आणि आपल्या मुंबई हायचं तेलही असंच खोल वाळूतलं आहे का?"

शेवटच्या भागाचं उत्तर छोटं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मुंबई हायचं तेल मुख्यतः चुनखडकात आहे, वालुकाश्मात नाही. 1974 मध्ये 'सागर सम्राट'ने ते शोधलं. तो चुनखडक मायोसीन काळातला, म्हणजे काही कोटी वर्षांच्या आतला, आणि त्यामानाने उथळ आहे. चुनखडक पाण्यात विरघळतो आणि त्यात नव्याने पोकळ्या होतात, त्यामुळे त्याचं सगळं गणितच निराळं. वाळूची गोष्ट वेगळी. मी स्टावांगरला चौदा वर्षं तेच काम करते आहे: नॉर्वेच्या समुद्राखालच्या विहिरींतून वर आलेल्या वालुकाश्माचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि त्यात पोकळी किती, ती का उरली, हे सांगायचं.

तळी नसतात. मी मूळची चंद्रपूरची. आमच्या भागात कामठीचा लालसर वालुकाश्म आहे आणि कित्येक विहिरींना त्यातलंच पाणी लागतं. त्या विहिरींखाली तळं नसतं. वाळूच्या कणाकणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात आणि विहीर खणली की ते पाणी झिरपून येतं. तेलाचंही तसंच. फरक खोलीचा आणि उष्णतेचा.

आमच्याकडे दगडाचा तुकडा आधी निळा रंग मिसळलेल्या राळेत भिजवतात. राळ प्रत्येक फटीत शिरून घट्ट झाली की तो घासून 0.03 मिलिमीटर जाडीचा काप काचेवर चिकटवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण पांढरे दिसतात आणि जिथे निळं दिसेल तिथे पोकळी. तुमचा प्रश्न माझ्या भाषेत असा होतो: पाच किलोमीटरवरून आलेल्या कापात निळं कुठून येतं? बहुतेक कापांत ते येतच नाही. म्हणून आधी ते का नाहीसं होतं ते सांगते.

नदीमुखाशी किंवा किनाऱ्यावर नुकत्याच पडलेल्या वाळूत साधारण 40 टक्के जागा मोकळी असते. वर गाळाचे थर चढू लागले की कण सरकून एकमेकांत बसतात. धान्य मोजताना मापटं आपटून दाणे बसवतात ना, तसंच. वाळूत मऊ कण असतील, म्हणजे चिखलाचे गोळे, अभ्रक, कुजलेले खडकांचे तुकडे, तर ते चेपले जाऊन फटींत पसरतात आणि पोकळी झपाट्याने जाते. निव्वळ क्वार्ट्झचे कडक कण मात्र दोन-अडीच किलोमीटर खोलीपर्यंत बसायचे तेवढे बसतात, आणि मग नुसत्या दाबाने फारसे हलत नाहीत. त्या वेळी 25 टक्क्यांच्या आसपास पोकळी शिल्लक असते. म्हणजे तुम्हाला ज्या दाबाची काळजी वाटते, तो एकटा सगळी जागा संपवू शकत नाही.

जागा संपवते ती उष्णता. जमिनीत खाली जाऊ तसं तापमान दर किलोमीटरला साधारण 25 ते 35 अंश सेल्सियसने वाढतं. ते 70-80 अंशांच्या पुढे गेलं की फटींतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका (क्वार्ट्झ ज्याचं बनलेलं असतं तो पदार्थ) क्वार्ट्झच्या कणांवर नवं क्वार्ट्झ म्हणून बसू लागते. खडीसाखर करताना पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडे वाढतात, ते डोळ्यांसमोर आणा. इथे प्रत्येक कण म्हणजे एक दोरा. कण चारही बाजूंनी फुगत जातात आणि निळं आकसत जातं. ही सिलिका येते कुठून? बरीचशी त्याच खडकातून. जिथे अभ्रक किंवा चिकणमाती क्वार्ट्झला चिकटलेली असते तिथे क्वार्ट्झ विरघळतं आणि थोडं दूर, मोकळ्या पृष्ठावर जाऊन बसतं.

याचा वेग मोजायची पद्धत उलाव वाल्डरहाउग या नॉर्वेजियन संशोधकाने 1990 च्या दशकात मांडली. त्यांच्या गणितात तापमान दर दहा अंश वाढलं की हे नवं क्वार्ट्झ, आमच्या भाषेत सिमेंट, बसण्याचा वेग दीडपटीहून जास्त होतो. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की तापमान टिकून असेल आणि बसायला पृष्ठ शिल्लक असेल तोवर हे काम थांबत नाही. खोली न वाढता खडक 130 अंशांवर पाच कोटी वर्षं नुसता पडून राहिला, तरी तो भरत जातो. म्हणून मला कुणी "किती खोल?" असं विचारलं की मी उलट विचारते, "किती गरम, आणि किती काळ?" स्वच्छ क्वार्ट्झची वाळू एवढ्या काळात चार-पाच किलोमीटरवर पोचली, की तिच्यात बऱ्याचदा 10 टक्केही पोकळी राहत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. खडीसाखरेच्या दोऱ्याला तेलाचा हात लागला असेल तर खडा धरत नाही. वाळूच्या कणांना असा हात लावणारं एक खनिज आहे: क्लोराइट. लोहयुक्त, हिरवट, चिकणमातीच्या जातीचं. प्रत्येक कणावर त्याचं काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचं कवच बसतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज करा. पण एवढ्या पातळ कवचामुळे नव्या क्वार्ट्झला जुन्या क्वार्ट्झचा स्पर्शच होत नाही, आणि स्पर्श नाही तर वाढ नाही. मध्य नॉर्वेच्या किनाऱ्यापलीकडे हाल्टेनबँकन नावाचा भाग आहे. तिथल्या स्मर्बुक संरचनेत टिल्ये नावाचा, सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म आहे. चार किलोमीटरहून खोल असूनही त्यातल्या कवचवाल्या थरांत 20 टक्क्यांहून जास्त पोकळी सापडते, आणि त्याच विहिरीत काही मीटर वर-खाली, जिथे कवच नाही, तिथला दगड काचेसारखा गच्च. पहिल्यांदा ते दोन काप शेजारी ठेवून बघितले तेव्हा एका विहिरीतले आहेत यावर माझा विश्वास बसेना. मी पेटीवरचे खोलीचे आकडे पुन्हा तपासले होते.

हे कवच आलं कुठून, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. टिल्येची वाळू भरती-ओहोटीच्या नदीमुखांत साचली. नद्यांनी जमिनीवरून लोह आणलं, गोडं पाणी खाऱ्याला मिळालं तिथे ते चिखलासोबत खाली बसलं आणि वाळूच्या कणांभोवती लोहयुक्त मातीचा पातळ लेप धरला. वर फक्त काही मीटर गाळ असताना घडलेली गोष्ट. पुढे कोट्यवधी वर्षांनी खोल गेल्यावर, तापमान वाढल्यावर, त्याच लेपाचं क्लोराइट झालं. म्हणजे पाच किलोमीटरवर तेलाला जागा असेल की नाही, हे बहुतांशी वाळू उन्हात, लाटांत असतानाच ठरलेलं असतं. म्हणूनच आम्ही दगड बघताना 19 कोटी वर्षांपूर्वी नदी कुठे समुद्राला मिळत होती याचे नकाशे काढत बसतो.

कवच सलग असावं लागतं. त्यात भोकं असली तर क्वार्ट्झ त्या भोकांतून बाहेर फुटतं आणि कवचाला झाकून टाकतं. जाड झालं तर कणांमधल्या वाटाच बुजतात. आणि ते केवळ नदीमुखाशीच होतं असंही नाही. अमेरिकेत अलाबामाच्या मोबाइल बे खाली नॉरफ्लेट नावाचा ज्युरासिक वालुकाश्म आहे. ती वाळवंटातल्या टेकड्यांची वाळू. तिथे 1979 मध्ये गॅस सापडला, सहा किलोमीटरहून खोल, 200 अंशांच्या आसपासच्या उष्णतेत, आणि काही थरांत पोकळी 20 टक्क्यांच्या वर. तिथेही कणांवर क्लोराइटच. वाळवंट आणि खाडी, दोन टोकं, पण काम एकाच खनिजाने केलं.

क्लोराइटचा त्रासही सांगायला हवा. त्याच्या पापुद्र्यांच्या आत अगदी बारीक फटी असतात आणि त्यांत पाणी अडकून राहतं. विहिरीत विजेचा प्रवाह सोडून खडक मोजतात तेव्हा या पाण्यामुळे तेलाचा थर पाण्याचा वाटू शकतो. विहीर मोकळी करायला हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं तर क्लोराइटमधलं लोह सुटतं आणि दुसरीकडे बसून वाटा बुजवतं. म्हणून आधी काप, मग आम्ल.

आता एक गल्लत, जी शिकलेल्या लोकांकडूनही होते: पोकळी असणं आणि तेल वाहणं एक नाही. साधारण 130-140 अंशांच्या पुढे केओलिनाइट आणि पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार या दोन खनिजांपासून इलाइट नावाचं तिसरं खनिज तयार होतं, केसांसारख्या तंतूंचं. ते फटींमध्ये जळमटासारखं पसरतं. पोकळी जवळपास तेवढीच, पण वाट बंद. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशी एक विहीर मी अनुभवली. पोकळी 14 टक्के होती, प्रयोगशाळेत हवा त्यातून बरी जात होती, मीही अहवालात चांगलं लिहिलं. विहिरीची टेस्ट घेतली तेव्हा जेमतेम काही आलं. तुकडा प्रयोगशाळेत साध्या पद्धतीने वाळवला तेव्हा इलाइटचे तंतू कणांना चिकटून बसले होते आणि वाटा मोकळ्या दिसल्या होत्या. खाली, ओल्या खडकात, ते तंतू उभे होते. त्या अहवालाचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून इलाइटची शंका आली की तंतू न मोडता वाळवलेला तुकडा मिळेपर्यंत मी आकडा देत नाही.

दाबाबद्दल तुम्ही विचारलंत, आणि दाब इथे मित्रही होऊ शकतो. उत्तर समुद्रात स्कॉटलंडच्या पूर्वेला एल्गिन आणि फ्रँकलिन ही क्षेत्रं आहेत, पाच किलोमीटरहून खोल, ज्युरासिक वालुकाश्मात. तिथे उत्पादनाआधी दाब सुमारे 1100 बार होता, तापमान 190 अंशांच्या आसपास. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतो. एवढ्या खोलीवर नुसत्या पाण्याच्या स्तंभाने पाचशे-साडेपाचशे बार भरतील. बाकीचा दाब कशाचा? वरच्या शेलने, म्हणजे चिखलाच्या घट्ट झालेल्या खडकाने, झाकण इतकं घट्ट लावलं की द्रवाला निघायला वाट उरली नाही, आणि वरच्या खडकांचं बरंचसं ओझं द्रवानेच पेललं. कणांवर भार कमी आला. शिवाय त्या काळच्या समुद्रात राक्सेला नावाचे स्पंज होते. त्यांचे सिलिकेचे बारीक काटे विरघळून कणांवर अतिसूक्ष्म क्वार्ट्झचा थर बसला, आणि त्या थराने मोठं क्वार्ट्झ वाढू दिलं नाही. यात दाबाचा वाटा किती आणि स्पंजाचा किती, यावर आमच्यात वाद होतात. मला स्पंजाचं पारडं जड वाटतं, कारण क्वार्ट्झ दाबापेक्षा तापमानाला जास्त ऐकतं.

पण उपसा सुरू झाला की हा आधार जातो. द्रवाचा दाब उतरतो, कणांवर ओझं येतं, खडक दबतो, विहिरींच्या नळ्या वाकू शकतात. हाल्टेनबँकनमधलं क्रिस्टिन क्षेत्र 4600 मीटर खोल, 2005 मध्ये सुरू झालं. तिथे दाब अपेक्षेपेक्षा लवकर घसरला. आणि इतक्या उष्णतेत "तेल" म्हणजे बहुतेक वेळा खाली वायू, वर आल्यावर थंड होऊन द्रव, ज्याला कंडेन्सेट म्हणतात. घट्ट काळं तेल 160-180 अंशांत फार काळ टिकत नाही, तुटून हलकं होतं.

यालाही अपवाद आहेत, आणि कारण पुन्हा उष्णताच. मेक्सिकोच्या आखातात 2009 मध्ये टायबर नावाची विहीर 10,685 मीटर खोल गेली, आणि तिथे तेल सापडलं. त्या आखातात मिठाचे प्रचंड थर आहेत. मीठ उष्णता भराभर वर वाहून नेतं, म्हणून त्याखालचा खडक खोलीच्या मानाने थंड राहतो. वाळूही टर्शरी काळातली, टिल्येच्या मानाने तरुण. थंड आणि तरुण, म्हणून आठ-नऊ किलोमीटरवरही पोकळी.

कंपन्या मला विहीर खणायच्या आधी विचारतात, इथे पोकळी असेल का? भूकंपी लहरींच्या नकाशात थर दिसतो, त्याची जाडी दिसते, वरचं झाकण दिसतं. काही मायक्रॉनचं कवच दिसत नाही. तापमानाचा इतिहास मांडता येतो, शेजारच्या विहिरींचे काप बघता येतात, जुनी नदीमुखं कुठे होती त्यावरून कवचाची शक्यता सांगता येते. मी तेवढंच लिहून देते. मग विहीर खणतात, कोअर, म्हणजे विहिरीतून कापून काढलेला दगडाचा दंडगोल, वर येतो, आणि आम्ही राळेत निळा रंग मिसळतो.